तांब्याच्या पानाची जबानी

खोपोली सोडून बोरघाट चढू लागलेल्या फियाटचे पाणी उकळणे ही द्रुतगती मार्ग होण्यापूर्वीच्या काळात इतकी नित्याची बाब होती की, शिंग्रोबाच्या देवळापाशी देवाला नाणे वाहून पुढे निघालेला चालक दोन वळणांनंतर बॉनेट उघडून, रेडिएटरच्या झाकणावर ओले फडके टाकून, वाफ शांत होण्याची वाट पाहत कठड्यावर बसलेला दिसला, तरी त्याचे कोणास नवल वाटत नसे. पाणी भरले जाई, गाडी खंडाळ्यास पोहोचे, आणि झाला प्रकार मंडळी विसरून जात. इंजिन मात्र विसरत नसे. अशा आठ-दहा उकळ्या पचवल्यानंतर एखाद्या सकाळी तीच गाडी सुरू होताना मिस मारू लागे, सायलेन्सरमधून पांढरा लोट सोडी, आणि गॅरेजच्या दाराशी विडी ओढीत बसलेला मिस्त्री जागचा न उठता निकाल देई, "हेड गॅस्केट गेलं."

मिस्त्र्याचा हा निकाल बहुधा खरा असतो, परंतु तो अपुरा असतो. गॅस्केट आपण होऊन जाण्याचे प्रसंग विरळा; दुसऱ्या कोणाच्या तरी अपराधाची शिक्षा ते भोगीत असते, आणि मूळ अपराधी मोकळा राहिला तर त्याच्या जागी बसवलेले नवे गॅस्केटही दोन-चार महिन्यांत त्याच वाटेने जाते. यास्तव या प्रकरणात बिघाड ओळखण्याच्या खुणांना जितकी जागा दिली आहे, तितकीच बाहेर काढलेले जळके गॅस्केट वाचावे कसे, या विषयासही दिली आहे. कारण बहुतेक गॅरेजांत हा मुद्देमाल तपासापूर्वीच भंगारात जमा होतो.

विवेचनासाठी आपण फियाट ११०० चेच इंजिन घेऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी प्रथम गोलसर पाठीच्या ‘डुक्कर फियाट’च्या रूपाने, १९६४ पासून ‘डिलाइट’ नावाने, आणि सत्तरीच्या दशकात ‘प्रेसिडेंट’ व मागाहून ‘पद्मिनी’ या नावांनी बाहेर पडत राहिली. अंगावरचे कपडे बदलले, परंतु ६८ मिलिमीटर व्यासाची चार सिलिंडरे आणि ७५ मिलिमीटरची पिस्टनची धाव असलेले १०८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन मूळ आराखड्यात तेच राहिले. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या वेषात ही गाडी मुंबईच्या रस्त्यावर २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत टिकली. आता ती हौशी मंडळींच्या पदरी आहे, आणि हौशी मंडळी मिस्त्र्यापेक्षा अधिक प्रश्न विचारतात, ही गोष्ट तिच्या दृष्टीने हिताचीच म्हणावी लागेल.

या इंजिनाचा खालचा भाग, म्हणजे ब्लॉक, बिडाचा असतो आणि त्यावर ठेवलेले हेड ॲल्युमिनियमचे. या दोन धातूंच्या मध्ये जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीचे एक पान दाबून बसवलेले असते: दोन बाजूंना तांब्याचा किंवा पोलादाचा पातळ पत्रा, आत ॲस्बेस्टॉसचा थर, चार सिलिंडरांसाठी चार मोठी गोल छिद्रे, त्यांच्या कडेला दुमडलेली धातूची किनार, आणि भोवती पाण्याची, तेलाची व स्टडांची लहानमोठी भोके. या पानास एकाच वेळी तीन शत्रूंना एकमेकांपासून दूर ठेवावयाचे असते. पेट घेतलेल्या वायूचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ४० किलोच्या आसपास धरला, तर ६८ मिलिमीटर व्यासाच्या एका सिलिंडरावर येणारा जोर सुमारे १,४५० किलो होतो, म्हणजे संपूर्ण गाडीच्या वजनाहून अधिक. आणि इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर हा धक्का एकेका सिलिंडरात सेकंदास २५ वेळा बसतो. त्या क्षणी वायूचे तापमान २,००० अंशांच्या वर असते. तेथून बोटभर अंतरावर शंभर अंशांच्या आतले पाणी वाहते आहे आणि त्याच्या शेजारून दाबाखालचे तेल वर रॉकरकडे चालले आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे गॅस्केट का जाते यापेक्षा ते इतकी वर्षे टिकते कसे, याचेच आश्चर्य वाटू लागते.

त्याला आणखी एक जाच आहे. उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. चारशे मिलिमीटर लांबीचा एक तुकडा बिडाचा व तेवढाच दुसरा ॲल्युमिनियमचा घेऊन दोहोंचे तापमान ८० अंशांनी वाढवले, तर पहिला सुमारे ०.३५ मिलिमीटरने वाढतो आणि दुसरा ०.७३ मिलिमीटरने. म्हणजे गाडी तापून निवण्याच्या प्रत्येक फेरीत हेड ब्लॉकवर किंचित सरकू पाहते, आणि मधल्या पानास ही ओढाताण निमूटपणे सोसावी लागते. इंजिन ठरल्या तापमानात राहिले तर हे सोसणे त्याच्या आवाक्यातले आहे. पाणी कमी पडून हेडचा एखादा भाग अतिशय तापला, तर तो फुलावयास जागा शोधतो. स्टडांनी खाली जखडलेले असल्याने त्याला ती मिळत नाही, आणि निवल्यावर हेड मधोमध वाकलेले राहते. पुढे गळते ते गॅस्केट, पण वाकलेले असते हेड.

आता खुणांकडे वळू. गळती कोणत्या दोन वाटांच्या मध्ये झाली आहे, त्यावर लक्षणे अवलंबून असतात, आणि ती सगळी एका गाडीत एकत्र सापडण्याची अपेक्षा धरू नये. वायू पाण्याच्या वाटेत शिरत असेल तर थंड इंजिन सुरू करून मिनिट-दोन मिनिटे होतात न होतात तोच रेडिएटरची वरची रबरी नळी हाताला टणक लागते, पाणी गरम होण्यापूर्वीच बुडबुडे येऊ लागतात, आणि कोठेही गळताना न दिसणारे पाणी रोज पेला-दोन पेले कमी होत जाते. उलट पाणी सिलिंडरात झिरपत असेल तर सकाळी पहिली काही मिनिटे एक सिलिंडर काम करीत नाही, सायलेन्सरमधून दाट पांढरी वाफ निघते, आणि त्या सिलिंडराचा प्लग काढून पाहिला तर बाकीचे तीन काजळलेले असताना तो एकटाच वाफेने धुऊन काढल्यासारखा लख्ख दिसतो. पाणी तेलात उतरले तर तेलकांडीवर कॉफीत दूध घातल्यासारखा रंग येतो. अशी गाडी ‘गॅरेजपर्यंत तरी नेऊ’ म्हणून चालवू नये. पाणी मिसळलेले तेल बेअरिंगांना काहीही आधार देत नाही, आणि गॅस्केटच्या खर्चात भागणारे काम क्रँकशाफ्टपर्यंत जाऊन पोहोचते. दोन शेजारच्या सिलिंडरांमधली अरुंद पट्टी जळाली असेल तर पाणी व तेल दोन्ही निर्मळ राहतात. गाडी मात्र चढावर मान टाकते आणि इंजिनातून फसफस ऐकू येते. हा प्रकार पुष्कळदा कार्बोरेटरच्या माथी मारला जातो. बिचाऱ्या कार्बोरेटरच्या वाट्याला जुन्या मोटारींत तसेही बरेच काही येते.

फसव्या खुणांचा येथे उल्लेख केलाच पाहिजे, कारण त्यांच्यापायी निरोगी हेडे उघडली गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. महाबळेश्वरास डिसेंबरच्या पहाटे सायलेन्सरमधून निघणारी पांढरी वाफ ही जळणातूनच तयार होणाऱ्या पाण्याची असते. इंजिन तापल्यावर ती नाहीशी झाली म्हणजे प्रश्न मिटला. पावसाळ्यात तेलाच्या टोपणाखाली जमणारी दुधी सायही अशीच. आपल्याकडे गाडी गरम होऊ नये म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची जी रूढी पडली आहे, तिच्यामुळे इंजिन जवळच्या फेऱ्यांत पुरेसे तापतच नाही, आतली दमट हवा टोपणाखाली निवते, आणि मालक घाबरा होतो. टोपणाखाली साय असून तेलकांडी स्वच्छ असेल तर हेडला हात लावू नये. पाणी कमी होण्याचेही दहा मार्ग आहेत: वॉटर पंपाचे सील, ब्लॉकच्या कुशीतला गंजलेला प्लग, सैल क्लिप, झाकणाचे वाळलेले रबर. यांतील झाकणास लोक क्षुल्लक समजतात. दर चौरस इंचास सात पौंडांचा दाब धरणारे झाकण पाण्याचा उत्कलनबिंदू शंभरावरून सुमारे ११२ अंशांवर नेऊन ठेवते. घाटमाथ्यावर, जेथे हवेचा दाब कमी असल्याने उघडे पाणी शंभराच्या दोन-तीन अंश आधीच उकळते, तेथे हे बारा अंश म्हणजे गाडीची अब्रू असते.

संशय दाट झाला म्हणजे पुरावा गोळा करावा, आणि तो हेड उघडण्यापूर्वी. सर्वांत स्वस्त कसोटीस एक पाना पुरतो. इंजिन पूर्ण थंड असताना फॅन बेल्ट उतरवावा म्हणजे वॉटर पंप फिरणार नाही, थर्मोस्टॅट असल्यास काढावा, रेडिएटर काठोकाठ भरावा, आणि झाकण न लावता इंजिन सुरू करून दोन-तीन वेळा रेस करावे. पंप बंद असल्याने पाणी स्थिर असते. त्यात बुडबुड्यांची माळ अखंड येत राहिली तर तो वायू सिलिंडरातूनच येतो आहे. मिनिटभरात इंजिन बंद करावे, नाहीतर कसोटीपायीच ते तापेल. प्रारंभी येणारे चार-दोन बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात, त्यांवरून निर्णय करू नये. याहून सूक्ष्म परीक्षा रासायनिक आहे: रेडिएटरच्या तोंडावर काचेची नळी धरून तेथील हवा एका निळ्या द्रावणातून ओढतात. तीत जळलेल्या पेट्रोलचा कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग पिवळा होतो.

दुसरा पुरावा काँप्रेशनचा. इंजिन गरम करून चारही प्लग काढावेत, कॉइलची तार सोडवावी, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवावा आणि एकेका भोकात गेज धरून स्टार्टर फिरवावा. येथे आकड्यांच्या मोठेपणापेक्षा त्यांच्या सारखेपणास महत्त्व आहे. चार आकड्यांत दहा टक्क्यांचा फरक जुन्या इंजिनास शोभतो. पहिल्या व चौथ्या सिलिंडरात १२५, पण दुसऱ्या व तिसऱ्यात ६०-६५ असे आढळले, तर शेजारच्या दोघांनी मिळून पडावे हा योगायोग क्वचितच असतो. त्यांच्यामधली गॅस्केटची पट्टी जळाली असे धरून चालावे. एकच सिलिंडर उतरलेले असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑईल घालून पुन्हा मापावे. आकडा वर चढला तर दोष रिंगांचा. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा.

एक सूचना येथेच देऊन ठेवतो, कारण ती पाळली न गेल्याने आमच्या घरच्याच गाडीचा कनेक्टिंग रॉड वाकला होता. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा स्टार्टर सकाळी अर्ध्या फेऱ्यात ठोकर खाऊन अडला, तर पुन्हा पुन्हा बटण मारू नये. सिलिंडरात पाणी साचलेले असू शकते, आणि पाणी दबत नाही. प्लग काढून इंजिन हाताने फिरवावे. पाणी असेल तर पिचकारीसारखे बाहेर येते. आमचे काका त्या दिवशी लग्नाच्या मुहूर्ताच्या घाईत होते. मुहूर्त टळला नाही, पण वऱ्हाड एस.टी.ने गेले.

हेड काढताना घाई नडते. नट बाहेरून आत, प्रत्येकी थोडेथोडे करीत सोडवावे. मधला नट एकदम मोकळा केला तर ताणाखालचे हेड आणखी वाकते. पुष्कळ वर्षांच्या गाडीत पोलादी स्टड आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये पांढरट खार धरून हेड जागीच मुरलेले असते. अशा वेळी सांध्यात स्क्रू-ड्रायव्हर घालून ठोकणारा मनुष्य हेडची कायमची नासाडी करतो. स्टडांच्या मुळाशी पातळ तेल सोडून एक रात्र थांबावे; तेवढ्याने भागले नाही तर नट ढिले करून, प्लग जागेवरच ठेवून इंजिन फिरवावे, म्हणजे आतली दबलेली हवाच हेडला खालून उचलते. ही जुन्या मिस्त्र्यांची युक्ती आहे आणि ती कोणत्याही पहारीपेक्षा सभ्य आहे.

आता जबानी. गॅस्केट अखंड उचलून, त्यावर पुढची बाजू व वरची बाजू खडूने लिहून, उजेडात टेबलावर ठेवावे. जुन्या पानात ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे, म्हणून ते पाण्याने भिजवून हाताळावे. कोरडे घासू नये, हवेच्या पाइपाने उडवू नये. प्रथम पाहावे ते काजळीची वाट. सिलिंडराच्या किनारीपासून पाण्याच्या भोकाकडे, बाहेरच्या कडेकडे किंवा शेजारच्या सिलिंडराकडे जाणारा काळा ओघळ म्हणजे वायू गेला तो रस्ता. मग किनारीचा ठसा पाहावा. चारही वर्तुळांवर तो सारखा खोल उमटलेला असला पाहिजे. एका टोकास खोल आणि दुसऱ्या टोकास पुसट असेल तर नट असमान आवळले गेले होते, किंवा हेड वाकले होते. किनार मोडून आतल्या बाजूस कुरतडल्यासारखी झाली असेल तर गुन्हेगार पाण्याच्या बाजूचा नव्हे, ठिणगीच्या बाजूचा. टायमिंग फार पुढे नेले असता किंवा हलक्या पेट्रोलवर इंजिनाने नॉकिंग करीत घाट चढला असता आतले ज्वलन एकसंध न होता स्फोटक होते, आणि त्याचे हातोडे प्रथम या किनारीवर पडतात. अशा गाडीत नवे रेडिएटर बसवून काहीच साधत नाही. डिस्ट्रिब्यूटर जाग्यावर आणावा लागतो.

पाण्याच्या भोकांच्या कडा खाल्ल्या गेलेल्या आढळल्या तर तो खटला वेगळाच. ॲल्युमिनियम, तांबे आणि बीड हे तीन धातू एकत्र बांधून त्यांच्यामधून विहिरीचे क्षारयुक्त पाणी फिरवणे म्हणजे नकळत एक विद्युतघट तयार करणे होय, आणि या घटात झिजण्याचे काम ॲल्युमिनियमकडे येते. हेडच्या तळाशी भोकांभोवती खड्डे पडत पडत ते किनारीपर्यंत पोहोचतात, आणि मग गॅस्केटला टेकावयास भूमीच उरत नाही. कित्येक वर्षे नळाचे किंवा विहिरीचे साधे पाणी वापरणाऱ्या आपल्या गाड्यांत हा रोग मला सर्वांत अधिक आढळला. शुद्ध केलेले पाणी आणि गंजरोधक कूलंट यांचा खर्च ज्यांना जास्त वाटतो, त्यांनी एकदा ॲल्युमिनियम वेल्डिंग करून खड्डे भरणाऱ्या कारागिराचे बिल पाहावे.

उघडलेल्या हेडवर सरळ पोलादी पट्टी लांबीने, रुंदीने आणि तिरकी धरून तिच्याखाली फिलर गेज घालून पाहावा. ०.०५ मिलिमीटरचे पाते जात नसेल तर हेड निर्दोष, ०.१० चे सहज सरकत असेल तर फेसिंग करावे लागेल. फेसिंगवाल्याला मात्र ‘सफाईपुरतेच’ असे बजावून सांगावे. प्रत्येक फेसिंगमध्ये हेडची जाडी कमी होते, ज्वलनकक्ष लहान होतो, काँप्रेशन वाढते. वाढलेल्या काँप्रेशनने नॉकिंग वाढते, आणि नॉकिंगने नवे गॅस्केट जाते. तीन-चार मालकांच्या हातून आलेल्या गाडीत हे चक्र किती वेळा फिरले आहे, याचा दाखला कोठेही नोंदलेला नसतो. हेडची जाडी मापून तो आपणच तयार करावा. पट्टी ब्लॉकवरही धरून पाहावी, ही गोष्ट शंभरांतले नव्वद जण विसरतात. दोन व्हॉल्व्हांच्या मध्ये केसासारखी तडे गेलेली रेघ नाही ना, हेही याच वेळी तपासावे. तडकलेले हेड गॅस्केटची सर्व लक्षणे हुबेहूब दाखवते.

बसवण्याचे काम थोडक्यात सांगतो. दोन्ही पृष्ठे तेल-काजळीविरहित हवीत, स्टडांचे आटे स्वच्छ हवेत. गॅस्केटची बाजू ओळखावी. इटलीहून आलेल्या पानांवर ‘आल्तो’ असा शब्द छापलेला आढळतो, त्याचा अर्थ ‘वर’ असा आहे, आणि तो खाली करून बसवल्यास पाण्याची भोके झाकली जाण्याचा संभव असतो. शेलॅक किंवा तत्सम चिकट लेप गॅस्केट बनवणाऱ्याने सांगितल्यावाचून लावू नये. एकदा दबलेले पान पुन्हा वापरू नये. निव्वळ तांब्याचे अखंड पान असेल तर ते लाल तापवून मऊ करून घेता येते, पण आत थर असलेल्या पानास हा उपाय लागू नाही. नट मध्यापासून सुरू करून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्कच्या पान्यानेच आवळावेत, आणि टॉर्कचा आकडा कारखान्याच्या पुस्तकातून घ्यावा. अनुभवी मिस्त्र्याच्या मनगटाचा मला आदर आहे, तथापि दमलेल्या संध्याकाळी ते मनगट सकाळचे राहत नाही.

इंजिन सुरू करून, तापवून, रात्रभर पूर्ण निवू द्यावे; दुसऱ्या दिवशी त्याच क्रमाने प्रत्येक नट पाव फेरा सैल करून पुन्हा ठरल्या टॉर्कला आणावा. पाचशे किलोमीटरांनंतर हेच आणखी एकदा. पान दबल्याने हेड केसभर खाली आलेले असते, म्हणून दोन्ही वेळा टॅपेटचे अंतरही तपासून घ्यावे लागते. पहिला आठवडा रेडिएटरमधल्या पाण्याची पातळी रोज सकाळी थंड इंजिनावर पाहून वहीत टिपावी. जुने पान, त्यावरच्या खडूच्या खुणांसह, तोवर भिंतीवरच्या खिळ्यास टांगलेले असू द्यावे.